बुलडॉगचा कान पुन्हा पुन्हा का चिघळतो, आणि स्टिरॉइडचं काय करायचं

बंडूचा कान बिघडला की मला खोलीच्या दारातच कळतं. आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास येतो. मग तो डोकं झटकायला लागतो, कानाचं पातं गालावर फटफट आपटतं. बुलडॉगचा मागचा पाय कानापर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे तो सोफ्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला डोकं घासत फिरतो आणि मध्येच कण्हतो. ते कण्हणं ऐकलं की जीव तुटतो. काहीही करा पण याची खाज थांबवा, असं डॉक्टरांना सांगावंसं वाटतं.

मी तेच सांगत होते आणि दीड वर्ष तेच होत होतं. स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, ड्रॉप्सची एक बाटली, दुसऱ्या दिवसापासून कुत्रा शांत. तीन-चार आठवडे छान जायचे, पाचव्या आठवड्यात पुन्हा तोच वास. सहाव्या खेपेपर्यंत बंडू 24 किलोंवरून साडेअठ्ठावीस किलोंवर गेला होता. पोट लोंबत होतं, मांड्या बारीक झाल्या होत्या, पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा भरावं लागत होतं आणि रात्री पंख्याखाली झोपूनही त्याची धाप थांबत नव्हती. कान मात्र होता तसाच. उलट नळी आणखी अरुंद झाली होती.

पुढे त्वचारोग पाहणाऱ्या एका डॉक्टरांनी त्याचं सगळं पहिल्यापासून तपासलं आणि ते चक्र मोडलं. तेव्हा जे समजलं आणि जे मी आजही पाळते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. औषधाचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते कुत्र्याचं वजन आणि रक्ताचे रिपोर्ट पाहूनच ठरतात.

पुढचं वाचण्याआधी हे तपासा

मान एका बाजूला कलली आहे, चालताना तोल जातोय, डोळ्यांची बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलताहेत, चेहऱ्याची एक बाजू किंवा ओठ लोंबतोय, तोंड उघडताना किंवा खाताना ओरडतोय, यातलं काही दिसलं तर त्रास कानाच्या पडद्याच्या आत, मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर घरातले जुने ड्रॉप्स कानात घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात. जेंटामायसिन आणि तीव्र क्लोरहेक्सिडीन त्यांतलीच.

स्टिरॉइड चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना उलट्या, डांबरासारखी काळी शी, एकदम गळून जाणं किंवा खाणं पूर्ण सोडणं, यांपैकी काहीही झालं तरी तीच घाई करा.

आत वाढतंय काय?

हा प्रश्न आमच्या बाबतीत दीड वर्षात कुणी विचारलाच नव्हता. कान पाहिला, लाल आहे, घाण आहे, घ्या ड्रॉप्स, असंच चालत होतं. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही कानांतून वेगवेगळे स्वॅब घेतले, काचेच्या पट्टीवर ते हलकेच फिरवले, रंगात बुडवले आणि दहाएक मिनिटांत मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. डाव्या कानाच्या पट्टीवर जांभळे, मध्ये कंबर आवळलेले, भुईमुगाच्या शेंगेसारखे कण दाटीवाटीने पडलेले. ते मॅलासेझिया नावाचं यीस्ट. उजव्या कानात यीस्ट थोडंच होतं, पण बारीक गोल ठिपक्यांचे पुंजके होते. ते स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू. एकाच कुत्र्याच्या दोन कानांत दोन वेगळी भांडणं चालू होती आणि मी दोन्हीकडे एकच बाटली ओतत होते.

तिसरा एक प्रकार आहे, त्याची भीती वाटायलाच हवी. पट्टीवर काडीसारखे लांबट जंतू दिसले आणि कानातून पातळ, बुळबुळीत, हिरवट पू येत असला, आत फोड किंवा जखमा असल्या, तर स्युडोमोनासचा संशय घेतात. हा जंतू पुष्कळ औषधांना दाद देत नाही आणि स्वतःभोवती चिकट थर बांधून त्यात लपतो. अशा वेळी कल्चर करून, म्हणजे तो जंतू लॅबमध्ये वाढवून, कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते बघावं लागतं. अर्धवट कोर्स आणि सतत बदललेले ड्रॉप्स यांनी असा जंतू आणखी मुरतो.

थोडं यीस्ट आणि थोडे गोल जंतू निरोगी कानातही असतात. म्हणून नुसतं ‘यीस्ट सापडलं’ एवढ्याने भागत नाही, किती सापडलं हेही विचारा. दर खेपेला पट्टी करून घ्या. मागच्या वेळी यीस्ट होतं म्हणून या वेळीही तेच असेल असं गृहीत धरू नका. वासावरून ओळखायची सवय मलाही लागली होती आणि माझा अंदाज दोनदा साफ चुकला.

औषध तिथवर पोचतंय का?

कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. बुलडॉगची कवटी आखूड, त्यामुळे ही नळी मुळातच चेपलेली आणि अरुंद, त्यात कानाभोवती जाड कातडीच्या घड्या. जराशी सूज आली की भोक मिटतं. बंडूच्या कानात तेव्हा डॉक्टरांच्या ऑटोस्कोपचं, म्हणजे कानात बघायच्या यंत्राचं, सर्वांत लहान टोकही जात नव्हतं. मी घातलेले थेंब दारातच साचत होते आणि त्याने डोकं झटकलं की भिंतीवर उडत होते.

स्टिरॉइडची खरी गरज असते ती इथे. नळी सुजून बंद झाली असेल तर थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचा कोर्स सूज उतरवतो, मग आत बघता येतं, धुता येतं, औषध पोचतं. बंडूलाही नव्या डॉक्टरांनी तो दिला आणि मी तो न कुरकुरता दिला. स्टिरॉइडचं नाव ऐकताच हात आखडणारे काही पालक मला भेटतात. त्यांना मी हेच सांगते की बंद झालेल्या नळीत ड्रॉप्स घालत बसण्याने कुत्र्याचे हालच होतात, आणि फार दिवस सुजलेली नळी पुढे कायमची जाड होते, तिच्या कूर्चेत चुना साठतो. तसं झालं की औषधाने काही परत येत नाही.

थेंबांचं प्रमाणही बघा. ‘चार थेंब’ असं चिठ्ठीवर असलं तरी पंचवीस किलोच्या कुत्र्याच्या नळीत ते वळणापर्यंतही जात नाहीत. किती मिलीलीटर घालायचं ते विचारून घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घाला. आमच्या बाबतीत हा बदल दिसायला क्षुल्लक होता, पण त्याने मोठा फरक पडला.

साफ करण्याची पद्धत

कॉटन बड घरातून हद्दपार करा. त्याने मळ आत ढकलला जातो, वळणावर त्याची डाट बसते. कानाचं पातं वर धरायचं, डॉक्टरांनी दिलेल्या क्लीनरने नळी काठोकाठ भरायची आणि कानाच्या मुळाशी, गालाच्या वरच्या बाजूला, अर्धा मिनिट बोटांनी चोळायचं. चिखलात पाय पडावा तसा पचपच आवाज यायला हवा. तो आला नाही तर द्रव आत गेलेला नाही. मग त्याला मनसोक्त डोकं झटकू द्या आणि वर आलेली घाण कापसाने टिपून घ्या, बोट जाईल तेवढीच. ड्रॉप्स लगेच घालू नका, थोडं कोरडं होऊ द्या. क्लीनर ट्रिस-ईडीटीए प्रकारचा असेल तर डॉक्टर सहसा पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगतात, कारण तो जंतूंचं कवच कमकुवत करतो आणि मागून येणारं अँटिबायोटिक जास्त चांगलं काम करतं.

रोज उठून धुणंही चूक आहे. निरोगी कानाची कातडी पडद्याकडून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणते. सतत ओल आणि चोळाचोळी झाली की ही व्यवस्था बिघडते. व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काहीही सोललेल्या कानात घालू नका. आग होते, आणि एकदा आग झाली की कुत्रा पुढे महिनाभर कानाला हात लावू देत नाही.

क्लिनिकमध्येच घातली जाणारी, आठवडेच्या आठवडे कानात टिकणारी जेल मिळतात. ती घातली असेल तर सांगितलेली मुदत संपेपर्यंत कान अजिबात धुवायचा नाही. एकदा मी सवयीने धुतला आणि सगळं औषध कापसावर आलं.

वास गेला म्हणजे बरा झाला असं नाही

चौथ्या दिवशी वास जातो, सातव्या दिवशी खाज जाते, आणि बाटली फ्रीजच्या वर जाऊन बसते. मीही हेच करत होते. ड्रॉप्समधलं स्टिरॉइड खाज आणि लाली पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाबतं, यीस्ट आणि जंतू मात्र तेव्हा अजून आत असतात. म्हणून कोर्स संपताना पुन्हा पट्टी करायची. पट्टी स्वच्छ आली तरच थांबायचं. बंडूच्या उजव्या कानाला यासाठी पाच आठवडे लागले. आधीच्या सहा ‘नव्या’ संसर्गांपैकी निम्मे तरी जुनेच, अर्धवट राहिलेले असावेत, असं मला आता वाटतं.

कान हे फक्त ठिकाण आहे

यीस्ट आणि जंतू मागून येतात. पुढे कुणीतरी दार उघडून दिलेलं असतं, आणि बुलडॉगच्या बाबतीत ते बहुतेक वेळा ॲलर्जी असते. धूळ, धुळीतले कीटक, परागकण यांची किंवा अन्नाची. कुत्रा पंजे चाटतो का, बोटांमध्ये लाल फोड येतात का, चेहऱ्याच्या घड्या, काखा, पोट, शेपटीखालची खाच लाल असते का, हे बघा. दोन्ही कान एकदमच बिघडत असतील आणि बाकी शरीरही खाजत असेल तर ॲलर्जीचा संशय बळावतो. एकच कान वारंवार बिघडत असेल तर आत गवताचं कुसळ, गाठ किंवा मांसाचा अंकुर नाही ना, हे आधी शोधायला हवं. पिलाच्या कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा काळा मळ असेल तर कानातले माइट्स, म्हणजे सूक्ष्म किडे, तपासायचे. मध्यम वयाचा कुत्रा सुस्त झाला आहे, केस विरळ झालेत, तर थायरॉइडही बघतात.

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या चाचणीने खात्रीने कळत नाही. त्यासाठी एकच भरवशाचा मार्ग आहे, निवडक आहाराची चाचणी. त्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचा, किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेला म्हणजे हायड्रोलाइज्ड आहार, किमान आठ आठवडे, आणि त्याशिवाय तोंडात काहीही नाही. कुत्र्यांमध्ये बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी जास्त आढळते. खाज कमी झाली तर जुनं अन्न पुन्हा देऊन बघायचं. खाज परत आली तरच उत्तर पक्कं.

पहिल्या वेळी आमची चाचणी फसली, आणि कुठे फसली ते कळायला मला सहा आठवडे लागले. आहार काटेकोर होता. पण गोचिडांसाठी महिन्यातून एकदा दिली जाणारी चघळायची गोळी मांसाच्या चवीची होती, आणि इतर गोळ्या मी चीजच्या तुकड्यात लपवून देत होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलली, टूथपेस्ट बंद केली, आणि घरातल्या सगळ्यांना जेवताना त्याच्याकडे बघायचंही नाही असं सांगितलं. तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. बंडूला चिकन चालत नाही आणि त्यावर धुळीचीही ॲलर्जी आहे. चिकन बंद केल्याने खाज निम्म्यावर आली, पूर्ण गेली नाही.

स्टिरॉइड शरीराचं काय करतं

हा भाग मी जरा लांबवणार आहे. कारण बंडूचे परिणाम माझ्या डोळ्यांसमोर होत होते आणि मी त्यांना ‘वय झालं’, ‘उन्हाळा आहे’, ‘आळशी झालाय’ अशी नावं देत होते.

पहिल्या काही दिवसांतच तहान, लघवी आणि भूक वाढते. घरात कधीच न मुतणारा कुत्रा पहाटे दाराशी डबकं करतो. त्याला रागावू नका आणि पाणी तर अजिबात तोडू नका. दर किलोमागे दिवसाला 100 मिलीलीटरच्या वर पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त. म्हणजे 24 किलोच्या कुत्र्यासाठी 2400 मिलीलीटर. मी मोजायचं ठरवलं त्या दिवशी बंडू तीन लीटरच्या वर गेला होता. सकाळी मापून पाणी भरायचं, रात्री उरलेलं मोजायचं, इतकं सोपं आहे ते. दोन-तीन दिवसांची सरासरी काढा.

धाप हा परिणाम कुठल्याही कुत्र्यात दिसू शकतो, पण बुलडॉगला तो परवडत नाही. त्याच्या नाकपुड्या आखडलेल्या, टाळू लांब आणि मऊ, श्वासनलिका बारीक. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापेशिवाय दुसरा मार्ग फारसा नाही, आणि तोच मार्ग अरुंद आहे. त्यात स्टिरॉइडने भूक वाढते, वजन चढतं, गळ्याभोवती चरबी साठते आणि श्वास आणखी अडतो. म्हणून गोळ्या चालू असतील त्या दिवसांत फिरायला फक्त गार वेळी न्यायचं, आणि खाणं मापूनच द्यायचं, तो कितीही केविलवाणा बघत असला तरी. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून ठेवा. तो आकडा सतत तिसाच्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवा.

आठवडे आणि महिने उलटले की बाकीचं दिसू लागतं. मांड्या आणि कपाळावरचे स्नायू वितळतात, पोट लोंबतं, कातडी पातळ होते, पोटावर काळे ठिपके येतात, केस कापलेली जागा भरून येत नाही. कधीकधी कातडीत चुन्यासारखे कडक खडे बनतात. स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तो कुठलंही लक्षण न दाखवता आत राहतो. बंडूची लघवी तपासली तेव्हा तिच्यात जंतू निघाले, त्याला जळजळ होत असल्याची एकही खूण नव्हती. बुलडॉगमध्ये डेमोडेक्स या कातडीतल्या माइटचा त्रास मुळातच जास्त, स्टिरॉइडने तो मोठ्या वयातही उफाळतो. आणि ज्या कानासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्या कानातही संसर्गाला मोकळं रान मिळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींत बनवतं. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की या ग्रंथी काम थांबवतात आणि आकसतात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर कुत्र्याकडे ना बाहेरचं स्टिरॉइड उरतं ना स्वतःचं. तो गळून जातो, उलट्या करतो, कोसळूही शकतो. म्हणून परिणाम बघून घाबरलात तरी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फोन करा. डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, मग एक दिवसाआड आणतात, त्या मोकळ्या दिवशी ग्रंथींना जाग यायला वाव मिळतो. प्रेडनिसोलोनचा परिणाम साधारण दीड दिवसात ओसरतो, म्हणून हे जमतं.

‘महिनाभर टिकणारं’ इंजेक्शन दिलं की हे जमत नाही. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटसारखं औषध तीन ते सहा आठवडे हळूहळू सुटत राहतं आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही. धाप वाढली, साखर वाढली, जखम चिघळली तरी वाट बघण्याखेरीज काही हातात नसतं. बंडूला दीड वर्षात अशी सहा इंजेक्शनं मिळाली. प्रत्येक वेळी मी आभार मानून घरी आले, कारण कुत्रा संध्याकाळी झोपला होता. इंजेक्शन देण्यापूर्वी ते किती दिवस टिकणारं आहे आणि त्याऐवजी गोळी चालेल का, एवढं विचारायला संकोचू नका. गोळी गिळवणं अशक्य असेल असेही कुत्रे असतात, पण निर्णय माहिती घेऊन व्हावा.

कानाच्या ड्रॉप्समध्येही बहुधा स्टिरॉइड असतं, बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन असं काही लिहिलेलं दिसेल. ते सुजलेल्या, सोललेल्या कातडीतून रक्तात उतरतं. महिनोन्महिने घातलं तर ॲड्रिनल ग्रंथी त्यानेही दबतात. मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोन ॲसेपोनेट यांसारखी काही स्टिरॉइडं अंगात कमी उतरतात, म्हणून संसर्ग पूर्ण गेल्यावर नळी पुन्हा सुजू नये यासाठी डॉक्टर ती आठवड्यातून दोनच दिवस वापरायला सांगतात. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे. गोळ्यांच्या मानाने हे ओझं फार कमी आहे.

स्टिरॉइडसोबत कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशा वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नका. पोटात आणि आतड्यात व्रण होऊन रक्तस्राव होतो. कंबर दुखते म्हणून जुनी उरलेली गोळी दिली, असं सहज होऊन जातं. डॉक्टर बदलताना आधी काय आणि कधी दिलं ते सांगायलाच हवं.

रिपोर्ट वाचतानाही हे डोक्यात ठेवा. स्टिरॉइडने कुत्र्याच्या रक्तातलं एएलपी हे लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम खूप चढतं, लिव्हर फुगतं, आणि टी-4 हा थायरॉइडचा हार्मोन खोटाच कमी दिसतो. बंडूला थायरॉइडच्या गोळ्या आयुष्यभर द्याव्या लागतील असं एकदा ठरलंही होतं. स्टिरॉइड उतरवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा टी-4 अगदी ठीक निघाला.

खाजेसाठी दुसरं काय

ॲलर्जी आयुष्यभराची आहे हे मान्य केल्यावर प्रश्न उरतो, रोजच्यासाठी काय वापरायचं. ओक्लासिटिनिबच्या गोळ्या अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झाल्या. खाज लवकर थांबते, तहान-भूक वाढत नाही. पण एक वर्षाखालच्या कुत्र्याला आणि गंभीर संसर्ग असताना त्या देत नाहीत, डेमोडेक्स त्यांनीही उफाळू शकतो. लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन खाजेचा एकच निरोप्या अडवतं, बाकी प्रतिकारशक्तीला फारसा हात लावत नाही. बंडूला ते महिन्याला एक लागतं. ही दोन्ही खाजेवर उत्तम, पण नळीची सूज उतरवण्यात स्टिरॉइडइतकी जोरदार नाहीत. सायक्लोस्पोरिन सूज आणि जाडी दोन्हींवर काम करतं, त्याचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो. ॲलर्जीची लस करून घ्यायची असेल तर तिचा निकाल वर्षभराने लावायचा, दोन महिन्यांत नाही.

सगळं करूनही परत येत असेल तर

पडद्याच्या आत बघायची वेळ आली असं समजा. बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांमध्ये मधल्या कानात द्रव साठलेला असणं वारंवार आढळतं, बाहेरून काहीही न दाखवता. तिथे संसर्ग रुजला की बाहेरच्या ड्रॉप्सचा उपयोग होत नाही. सीटी स्कॅन आणि भूल देऊन व्हिडिओ ऑटोस्कोपने आतून धुणं, हा पुढचा टप्पा. बुलडॉगला भूल देताना श्वासाचा धोका जास्त असतो, म्हणून ती देणाऱ्या माणसाला या जातीचा अनुभव आहे ना, हे विचारा, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कुणी शेजारी बसणार आहे ना, हेही.

नळीचं दगड झालेलं असेल, कायम दुखत असेल, तर संपूर्ण नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. मोठी आहे, चेहऱ्याची नस दुखावण्याचा धोका आहे, त्या बाजूचं ऐकू येणं बरंचसं जातं. तरीही वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कानातून सुटलेले कुत्रे पुन्हा खेळायला लागतात. ‘एवढं कशाला’ म्हणून ती टाळत राहणं मला क्रूर वाटतं.

बंडू आता पंचवीस किलोंवर आहे. गेल्या अकरा महिन्यांत उजवा कान एकदा बिघडला, डावा एकदाही नाही. त्या एका वेळीही मी डोकं झटकल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले, पट्टीवर फक्त यीस्ट निघालं, नळी उघडी होती, त्यामुळे गोळ्या लागल्या नाहीत.

तुम्हीही जाणार असाल तर आदल्या दोन दिवसांत कान धुवू नका आणि ड्रॉप्स घालू नका, नाहीतर पट्टीवर काहीच सापडणार नाही. मागच्या वर्षभरात दिलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. पाण्याचा आकडा, झोपेतल्या श्वासाचा आकडा, वजन आणि शेवटचं स्टिरॉइड कुठल्या तारखेला दिलं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न इंजेक्शनाच्या तारखांचाच विचारला होता, आणि सहापैकी मला दोनच आठवल्या.